शंभरातले सत्तेचाळीस

आर्द्रा म्हसकरला ते कोडं घातलं गेलं, तेव्हा ती हवेत होती.

त्या सकाळी हिमकुंडच्या चौकात सगळेच उड्या मारत होते. हिमकुंड म्हणजे चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळची अठराशे माणसांची वस्ती. चंद्रावर आपलं वजन पृथ्वीवरच्या वजनाच्या सहाव्या हिश्शाइतकंच भरतं, त्यामुळे आनंदाने मारलेली साधी उडीसुद्धा माणसाला दुसऱ्याच्या डोक्यावरून नेते. आणि आनंदाचं कारणही तसंच होतं. चौकातल्या भावफलकावर आकडा झळकला होता : बर्फ, टनाला वीस लाख रुपये! सहा महिन्यांपूर्वी तो दहा लाख होता.

वस्तीच्या कडेला एक खोल विवर (उल्का आदळून झालेला प्रचंड खड्डा) होतं. त्याच्या तळाशी कोट्यवधी वर्षांत ऊन पोहोचलेलं नव्हतं, म्हणून तिथे मातीत मिसळलेला बर्फ टिकून राहिला होता. तो काढायचा, वितळवायचा आणि विजेच्या साहाय्याने त्या पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळा करायचा, की मंगळाकडे जाणाऱ्या जहाजांचं इंधन तयार. यंदा जहाजं वाढली होती आणि प्रत्येकाला बर्फ हवा होता.

"पोरी, खाली आलीस की एका कोड्याचं उत्तर देशील?"

आर्द्रा बाकाशेजारी अलगद उतरली. बाकावर एक उंच, वाळकेसे आजोबा बसले होते. बाहीवर पिवळी पट्टी, म्हणजे जहाजातले प्रवासी. वस्तीला प्रवाशांचं नवल नव्हतं. पण आजच्या दिवशी भावफलकाकडे बघून न हसणारा हा एकच माणूस होता.

"घाला," ती धापा टाकत म्हणाली. अकरा वर्षांच्या आर्द्राने कोड्याला आजवर नाही म्हटलं नव्हतं.

"दोन वस्त्या होत्या. दोघींनाही जमिनीतल्या खनिजातून, सगळा खर्च जाऊन, वर्षाला तीनशे कोटी रुपये मिळायचे. पहिलीचं खनिज एके दिवशी पूर्ण संपलं. लोक दोन दिवस हळहळले आणि कामाला लागले. दुसरीचं खनिज संपलंसुद्धा नाही, नुसता भाव पडला. तीन वर्षांत तिथे एक माणूस उरला नाही. रक्कम सारखी, मग असं का झालं?"

"दुसऱ्या वस्तीत माणसं जास्त होती?"

"नाही."

"त्यांनी पैसे उधळले?"

"थोडेफार. पण ते कारण नव्हे."

"कुणी चोरले?"

आजोबा पहिल्यांदाच हसले. "नाही गं. सगळे प्रामाणिक होते, तेच तर वाईट. माझं नाव केळुसकर. जहाज सहा दिवसांनी सुटेल. तोवर मी रोज दुपारी भोजनगृहात सापडेन."

*

घरी आई जेवायला बसली होती, पण जेवत नव्हती. वैजयंती म्हसकर हिमकुंडच्या काचशाळेची प्रमुख होती. चंद्राची माती भट्टीत वितळवून तिथे काच करत : खिडक्यांची, नळ्यांची, भिंगांची. तिथे एकशेचाळीस माणसं काम करायची.

"आई, वीस लाख!"

"ऐकलं." आईने भाजीतली मिरची बाजूला काढली. "मंदाताईंनी रविवारी ग्रामसभा बोलावलीय. काचशाळा बंद करून तिची सगळी वीज आणि सगळी माणसं बर्फावर घ्यायची म्हणतायत."

मंदाताई गावंडे म्हणजे हिमकुंडच्या सरपंच, आर्द्राच्या मंदाकाकू. बर्फ दीडपट निघाला तर नवं क्रीडागृह बांधू, असं त्यांनी शाळेत येऊन सांगितलं होतं. आर्द्राने त्या क्रीडागृहाचं चित्रसुद्धा काढलं होतं.

"मग घ्या ना! काचेतून मिळतं त्यापेक्षा बर्फातून जास्त मिळत असेल तर बर्फच काढायचा. साधं गणित आहे."

आईने तिच्याकडे पाहिलं. "भट्टी एकदा थंड केली की आतलं अस्तर तडकतं, आर्द्रा. ती पुन्हा पेटत नाही, नवीच बांधावी लागते. आणि हात विसरतात ते वेगळंच."

"पण तू बर्फावर काम करशील की! पगारही वाढेल."

आई उठली. ताट उचलून आत गेली. आपण काय वाईट बोललो ते आर्द्राला कळेना. मंदाकाकूंचं गणित तिला बिनचूक वाटत होतं, आणि तरी आईचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भोजनगृहात गेली, तेव्हा केळुसकर आजोबा आमटीत पाव बुडवून खात होते.

"उत्तर नाही आलं," ती समोर बसत म्हणाली. "पण तुम्हाला ते माहीत आहे."

"मला ते माहीत व्हायला फार उशीर झाला. ऐक. आधी सांग, तुमचा एक टन बर्फ काढायला खर्च किती येतो?"

"सहा लाख. शाळेत शिकवलंय. त्यात कामगारांचे पगार, वीज, यंत्रांची झीज आणि ज्यांनी यंत्रांसाठी पैसे गुंतवले त्यांचा रास्त मोबदला, सगळं आलं."

"शाब्बास. जुना भाव दहा लाख. सहा गेले, उरले चार. हे चार लाख कुणी कमावले?"

"कामगारांनी."

"त्यांचे पगार त्या सहामध्ये आले."

"यंत्रांनी... नाही, तेही आले. गुंतवणारे, तेही आले." आर्द्रा थांबली. बोटांवर तिने पुन्हा मोजलं. "मग कुणीच नाही?"

"बरोबर! ते कुणीच कमावलेले नाहीत. बर्फ तिथे आयता होता म्हणून ते मिळाले. याला अर्थशास्त्रात खंड म्हणतात (निसर्गाने तयार ठेवलेली वस्तू विकून, ती काढण्याचा सगळा खर्च वजा जाता जे उरतं ते). गावाकडे जमीन खंडाने देतात ना, तोच शब्द. तेलाचा खंड, कोळशाचा खंड, जंगलाचा खंड, तसा तुमचा बर्फाचा खंड."

"वर्षाला हजार टन, गुणिले चार लाख. चाळीस कोटी!"

"आता दुसरी पायरी. वस्तीत वर्षभरात जे जे तयार होतं त्या सगळ्याची एकूण किंमत. बर्फ, काच, भाज्या, शाळेतलं शिकवणं, डॉक्टरांचं काम, यंत्रांची दुरुस्ती. याला सकल उत्पादन म्हणतात. तो आकडा मला ठाऊक नाही."

आर्द्रा उठलीच. "मलाही ठाऊक नाही, पण शाळेच्या संगणकावर वस्तीची सगळी माहिती उघडी असते. आलेच!"

ती परत आली ती टेबलाला धडकूनच थांबली. "दोनशे कोटी! बर्फ शंभर, काच साठ आणि बाकी सगळं मिळून चाळीस. जुन्या भावाने."

"मग दोनशेतले चाळीस म्हणजे शंभरातले किती?"

"वीस."

"वीस टक्के. हाच तो आकडा. देशाच्या किंवा वस्तीच्या सकल उत्पादनात नैसर्गिक साधनांच्या खंडाचा वाटा. आता कोड्याकडे ये. पहिल्या वस्तीचं सकल उत्पादन होतं सहा हजार कोटी. दुसरीचं चारशे."

आर्द्राने टेबलावर बोटाने आकडे काढले. "पहिलीचा वाटा पाच टक्के... दुसरीचा... पंचाहत्तर!" तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "तीनशे कोटी तेच! पण पहिलीकडे बाकी पंचाण्णव होते, आणि दुसरीकडे फक्त पंचवीस!"

"आणि ते पंचवीससुद्धा त्या पंचाहत्तरांवरच जगत होते. खाणवाले जेवायला यायचे म्हणून खानावळ, त्यांची पोरं म्हणून शाळा." केळुसकर आजोबांनी पाव बाजूला ठेवला. "त्या वस्तीचं नाव धातुवाडी. एका लघुग्रहावर होती. मी तिथला मुख्य खनिजशास्त्रज्ञ. माझं काम एकच, साठा किती ते सांगणं. मी सांगितलं, ऐंशी वर्षं पुरेल. माझा अहवाल अगदी बरोबर होता, पोरी. साठा अजूनही तिथेच आहे. पण धातू वापरणाऱ्या कारखान्यांना दुसरा स्वस्त धातू सापडला, भाव खर्चाच्याही खाली गेला, आणि आमच्याकडे दुसरं काही काम येत असलेला माणूसच उरला नव्हता. एके काळी आमच्याकडे चांगले सुतार होते, कापड विणणारे होते. धातूत जास्त पैसा म्हणून सगळ्यांनी एकेक करून ते सोडलं. मीही माझ्या मुलीला म्हटलं होतं, विणतेस कशाला?"

आर्द्राला एकदम कालचं जेवणाचं ताट आठवलं.

"पृथ्वीवरही असं झालंय?"

"दोन्ही झालंय. काही देशांत हा वाटा एक टक्काही नसायचा. काही तेलवाल्या देशांत तो तिसऱ्या हिश्शाच्याही वर गेला, आणि तेलाचा भाव घसरला की तिथे पगार द्यायचीही पंचाईत. पण नॉर्वेला तेल सापडलं, तेव्हा त्यांनी त्या पैशाचा मोठा भाग पुढच्या पिढ्यांसाठी बाजूला ठेवला. खंड मिळणं हे भाग्यच आहे. त्याचं पुढे काय करायचं, हा खरा प्रश्न. आता मला सांग, नव्या भावाने तुमचा वाटा किती?"

*

तो हिशोब आर्द्राने शाळेत बसून केला, आणि मग तो पुन्हा एकदा तपासून पाहिला.

भाव वीस लाख, खर्च तोच सहा लाख. उरले चौदा. भाव दुप्पटच झाला होता, पण खंड चाराचा चौदा, म्हणजे साडेतीनपट झाला होता! हजार टनांचे एकशेचाळीस कोटी. बर्फाची विक्री शंभरची दोनशे कोटी झाल्यामुळे सकल उत्पादन तीनशे कोटींवर गेलं. तीनशेतले एकशेचाळीस म्हणजे शंभरातले जवळजवळ सत्तेचाळीस.

वीसचे सत्तेचाळीस! आणि कुणी एक किलोसुद्धा जास्त बर्फ काढला नव्हता. कुणी नवं काही शिकलं नव्हतं. हिमकुंडात काहीच बदललं नव्हतं. बदलला होता तो फक्त फलकावरचा एक आकडा, आणि तोही दूरच्या कुणाच्या तरी गरजेमुळे.

मग तिने मंदाकाकूंची योजना मांडली. काचशाळा बंद, बर्फ दीड हजार टन. बर्फाचे तीनशे कोटी आणि बाकीचे चाळीस, एकूण तीनशेचाळीस. आताच्यापेक्षा चाळीस कोटी जास्त! क्षणभर तिला वाटलं, मंदाकाकूच बरोबर. पण खंडाचा वाटा बासष्ट टक्क्यांवर गेला होता. तिने श्वास रोखून भाव परत दहा लाख केला.

संगणकावर आलं : एकशेनव्वद कोटी.

सुरुवातीला होते दोनशे! म्हणजे इतकी धावपळ करून, भाव जुन्या जागी आला की हिमकुंड आधीपेक्षा गरीब होणार. आणि भट्टी तडकलेली. काचशाळा चालू ठेवली, तर त्याच भावाला पुरते दोनशे उरत होते.

आर्द्रा धावत सुटली ती थेट काचशाळेत. भट्टीच्या लालसर उजेडात आई नळीच्या टोकाला काचेचा गोळा फिरवत उभी होती.

"आई! मी चुकले होते! हे बघ, हे बघ, दीड हजार टनांना..."

"अगं, गोळा पडेल. थांब." आईने काम पुरं केलं, हातमोजे काढले आणि मग तो कागद वाचला. एकदा. मग पुन्हा, सावकाश. "मला हे आतून वाटत होतं, पण मांडता येत नव्हतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, मी नुसती माझ्या भट्टीसाठी हट्ट करतेय."

त्यानंतर दोघींनी बराच वेळ त्या कागदावर बेरजा केल्या.

*

रविवारी चौक गच्च भरला. हिमकुंडच्या नियमाप्रमाणे दहा वर्षांवरचा कुणीही ग्रामसभेत एक प्रश्न विचारू शकत असे. प्रवाशांना मात्र बोलायची परवानगी नव्हती. केळुसकर आजोबा सगळ्यात मागे, भिंतीला टेकून उभे होते.

मंदाताईंनी योजना मांडली. टाळ्या पडल्या. आर्द्राने हात वर केला. ती इतक्या झटक्यात उभी राहिली, की जमिनीपासून वीतभर उचलली गेली आणि लोक हसले.

"मंदाकाकू, माझा प्रश्न असा आहे. बर्फाचा भाव परत दहा लाख झाला, तर आपल्याकडे काय उरेल?"

"कशाला होईल? जहाजं वाढतायत!" मागून कुणीतरी ओरडलं.

"पण तो आपण ठरवत नाही ना!" आर्द्रा म्हणाली, आणि मग तिने सगळं सांगून टाकलं. सहा लाख, चार लाख, चौदा लाख. वीस टक्के, सत्तेचाळीस, बासष्ट. ती बोलताना अडखळली, एकदा आकडा चुकला, तो तिने दुरुस्त केला. शेवटी म्हणाली, "आपण श्रीमंत झालो नाही. आपल्या बर्फाला कुणीतरी महाग म्हटलंय, एवढंच झालंय."

मंदाताई रागावल्या नाहीत. त्या विचारात पडलेल्या दिसत होत्या.

"बाळ, हिशोब बरोबर आहे तुझा," त्या म्हणाल्या. "पण मग आम्ही काय करायचं? दारात पैसा आलाय आणि हात बांधून बसायचं? उद्या भाव पडला, तर लोक मलाच विचारतील, तेव्हा का नाही काढलात म्हणून."

आर्द्राने मदतीसाठी मागे पाहिलं. आजोबांनी ओठ घट्ट मिटले होते. त्यांना बोलता येणार नव्हतं.

तेवढ्यात काचशाळेच्या रांगेतून तिची आई उभी राहिली.

"हात बांधायला कोण म्हणतंय, मंदाताई? हजार टन काढाच. त्यावर यंदा एकशेचाळीस कोटी खंड मिळणार आहे. तो बर्फ एकदा विकला की परत उगवणार नाही. तेव्हा त्याच्या जागी टिकणारं काहीतरी उभं राहायला हवं. निम्मे पैसे ठेव म्हणून बाजूला ठेवू, पडत्या काळासाठी. उरलेल्यातून विवराच्या कडेवर सौरपत्रे वाढवू. त्यांची काच आम्हीच करू. वीज वाढली की बर्फही वाढवा आणि काचही. मोठी भिंगं, दुर्बिणींचे आरसे करायला आम्हाला दहा वर्षांपासून शिकायचंय, वीजच नव्हती."

"आणि क्रीडागृह?" आर्द्राच्याच वर्गातल्या कुणीतरी विचारलं.

"तेही होईल. यंदा नाही," आई म्हणाली. पोरांत नाराजीचा सूर उमटला.

दोन तास चर्चा चालली. बर्फावरचे कामगार चिडले, काचवाले चिडले, एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही झापलं. शेवटी हात मोजले गेले. आईच्या प्रस्तावाला सहाशे अकरा, सरपंचांच्या योजनेला पाचशे अठ्ठेचाळीस. त्या सहाशे अकरामधला एक हात खुद्द मंदाताईंचा होता.

आणखी एक ठराव झाला, तो कुणीच आधी ठरवलेला नव्हता. भावफलकाखाली दुसरा फलक लावायचा, आणि त्यावर दर महिन्याला लिहायचं, 'आपल्या शंभरातले निसर्गाचे किती'. पहिल्या दिवशी आर्द्राने स्वतः शिडीवर चढून आकडा लावला : सत्तेचाळीस.

केळुसकर आजोबा जहाजाच्या दाराशी तिला भेटले, तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, पण आवाज मजेत होता. "मंगळावर चार नव्या खाणवस्त्या आहेत. तिथे शिकवायला चाललोय मी. आता साठा किती हे दुसऱ्या तासाला शिकवेन. पहिल्या तासाला तुझा हिशोब."

"आणि तुमची मुलगी?"

"मंगळावरच असते. विणते." ते हसले. "हट्टी आहे, माझं ऐकलं नाही तिने."

*

चौदा महिन्यांनी बर्फाचा भाव पडला. चंद्राच्या उत्तर ध्रुवाजवळ दुसऱ्या कुणी बर्फ काढायला सुरुवात केली, आणि भाव वीस लाखांवरून नऊ लाखांवर आला. त्या दिवशी चौकात कुणी उडी मारली नाही. पण कुणी सामानही बांधलं नाही. ठेवीतून वर्षभराची तूट भरून निघाली, शाळा चालू राहिली, आणि काच ऐंशी कोटींवर गेली होती. दुसऱ्या फलकावर आता चौदा होते. मंदाताईंनी तो आकडा पाहिला आणि मोठ्याने म्हणाल्या, "बरं झालं गं बाई, ती योजना पडली."

पुढच्या वसंतात, म्हणजे पृथ्वीच्या पंचांगात वसंत होता तेव्हा, काचशाळेत पहिला मोठा आरसा ओतला गेला. तीन मीटर व्यासाचा. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे इथून तारे लुकलुकत नाहीत. दुर्बिणीसाठी यापरती चांगली जागा नाही. आरसा निवायला पंचेचाळीस दिवस लागले, आणि ते पंचेचाळीस दिवस सगळी वस्ती हळू आवाजात बोलत होती, जणू मोठ्याने बोललं तर काच तडकेल.

शेवटी झाकण उघडलं. आरसा अखंड होता! एकशेचाळीस माणसांनी एकदम आरोळी ठोकली. आर्द्रा वाकून त्याच्या कडेला बोट लावणार, तोच आईने तिचा हात धरला.

"अजून सहा महिने घासायचाय. शिकतेस?"

"आत्ता?"

"आत्ता. हातमोजे घाल."

आर्द्राने हातमोजे चढवले. ते तिला दोन बोटं मोठे होत होते. आईने तिला घासायचा पहिला ठोकळा दिला, हात कसा गोल फिरवायचा ते दाखवलं, आणि ती कामाला लागली.